आकाशी भिंतीला तिसरा हात

आठ महिन्यांच्या सोनूच्या टाळूवर भिंतीचा पोपडा पडला, त्या दिवशी मंदाने बाथरूमचा विषय काढला. पोराला पायांवर घेऊन ती आंघोळ घालायची, तेव्हा चारी भिंती घामेजल्यासारख्या ओल्या असायच्या. सोनूचा खोकला महिनाभर हटत नव्हता. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, "औषध नंतर, आधी घरातली ओल घालवा."

"पाणी वरून येतंय," मंदा नवऱ्याला म्हणाली. "नानासाहेबांच्या बाथरूममधून."

"तुला काय कळतं त्यातलं?" म्हणत दत्तारामने नानासाहेबांनाच सल्ल्याला बोलावलं. नानासाहेब वरच्या मजल्यावर राहायचे आणि जेसल पार्कातल्या त्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांनी भिंतीवर टिचकी मारली, कान लावला.

"प्रायमरच मारलेला नाही, दत्ताराम! सिमेंट प्रायमर मार, वर ऑइलपेंट. पाण्याची काय बिशाद!"

"पण पाणी तर—"

"सूनबाई, चहा टाका जरा."

रंगाच्या दुकानदाराने विचारलं, "दीवार सूखी है ना?"

"एकदम सूखी. सुबहही कपडेसे पोछी," दत्ताराम छाती काढून म्हणाला.

मंदाला पांढरा हवा होता. "ओल आली तर लगेच दिसेल."

"ओल बघायला रंग लावतात का कोणी?" दत्तारामने आकाशी घेतला.

रंग दिल्यावर आठव्या दिवशी भिंतीला लिंबाएवढे फुगे आले. नानासाहेबांनी एक फुगा बोटाने दाबला, तशी पाण्याची पिचकारी त्यांच्या चष्म्यावर उडाली.

"प्रायमर पातळ झाला," ते चष्मा पुसत म्हणाले. "दुसरा हात द्या."

दुसराही फुगला. तेव्हा त्यांना खरं कारण सापडलं. "सूनबाई पाणी फार उडवतात."

झालं! दत्तारामने सोनूची आंघोळ बंद केली. मंदा पोराला स्वयंपाकघरात ओल्या फडक्याने पुसायला लागली. पोर खोकतच होतं.

रविवारी दत्ताराम तिसरा हात द्यायला स्टुलावर चढला. मंदाने सोनूला खांद्यावर टाकलं, टॉवेल घेतला आणि सरळ वर गेली.

"नानासाहेब, आमची भिंत सुकेपर्यंत याला इथे आंघोळ घालते."

"घाला की! आपलंच घर."

त्यांच्या भिंती खडखडीत कोरड्या होत्या. मंदा पाय पसरून बसली. पहिला तांब्या ओतला. पाणी जाळीकडे गेलंच नाही, कोपऱ्यातल्या फटीत शिरलं. दुसरा ओतला. तिसऱ्याला खालून आरोळी आली, "अरे, कोण ओततंय वरून?"

"सूनबाई, जरा हळू..." नानासाहेब दारात चुळबुळले.

मंदाने चौथा ओतला.

दत्ताराम धापा टाकत वर आला. केसांतून आकाशी ओघळ नाकावर उतरले होते. त्याने फट पाहिली, नानासाहेबांकडे पाहिलं आणि मग बायकोवर खेकसला, "इथून गळतंय, हे आधी सांगता येत नव्हतं तुला?"

मंदाने सोनूचे कान दोन्ही तळव्यांनी झाकून घेतले. कानात पाणी जाऊ नये म्हणून नव्हे. तांब्या तर तिने केव्हाच खाली ठेवला होता.