टोणग्याची आंघोळ, नियमानुसार

घरचा कुत्रा टोणग्या गटारात मनसोक्त लोळून आला आणि तडक सासूबाईंच्या खोलीत शिरला. सासूबाई लेकीकडे महिनाभर राहायला आलेल्या. त्यांनी नाकाला रुमाल लावला. लेकीने तिथल्या तिथे निकाल दिला, "संध्याकाळपर्यंत हा वास गेला नाही, तर आजपासून कुत्रा गॅलरीत झोपणार."

तिचा नवरा ताडकन उभा राहिला. टोणग्या रोज त्याच्या पायांशी घोरायचा. (घरात त्याचं मुकाट ऐकून घेणारा तेवढा एकच जीव होता.)

"मी घालतो आंघोळ," तो म्हणाला.

तो कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. (तिथे कधी अपघात झाला नव्हता. काही दुष्ट लोक म्हणत, मुळात तिथे काम तरी कुठे होतं?) त्यामुळे सगळं नियमानुसार. घसरायला नको म्हणून बाथरूममध्ये रबरी मॅट. कोपर बुडवून पाहिलेलं कोमट पाणी. खास कुत्र्यांचा शाम्पू. कानांत पाणी जाऊ नये म्हणून कापसाचे गलेलठ्ठ बोळे. मग त्याने हुकूम सोडला, "बस!"

टोणग्या ढिम्म.

"खाली बस! हलू नकोस! डोळे मीट म्हणतो ना!"

आवाज चढत गेला तशी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवली.

"अगं, तुझा नवरा कुणावर ओरडतोय?"

"ओरडत नाहीये काकू, आंघोळ घालतोय."

"आईंना?"

तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून चहा घेऊन आल्या, म्हणून काकूंच्या जिवात जीव आला आणि त्या चहाला थांबल्या.

आत अधिकाऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कापूस! ह्याला ऐकूच येत नाहीये! पण कापूस काढणं नियमात बसत नव्हतं. मग तो स्वतःच मॅटवर बसला, डोळे मिटले आणि पुतळ्यासारखा राहिला. टोणग्याने त्याला हुंगलं, विचार केला आणि समोर बसला. पुढे सगळं सुरळीत झालं. डोळ्यांत फेस गेला नाही, पाय घसरला नाही. अंग झटकून टोणग्याने निम्मं पाणी अधिकाऱ्यावर उडवलं, तेही त्याने हसत हसत झेललं.

पुसून कोरडा केलेला टोणग्या हॉलमध्ये आला. सासूबाईंनी वाकून वास घेतला.

"छान! झोपू दे आतच."

जावयाची छाती फुगली. जग जिंकल्यासारखं वाटलं त्याला. काकूंसमोर त्याने ऐटीत कापूस काढला.

"कापसामुळे ऐकू येत नव्हतं हो. एरवी माझ्या एका शब्दावर बसतो. बस!"

टोणग्या शेपटी हलवत उभा.

"बस!"

उभाच. फरशी पुसता पुसता बायको मान वर न करता, हळूच म्हणाली, "बस."

नवरा चटकन बसला. त्याचं बघून मग टोणग्याही बसला.