चौदा पोत्यांच्या आक्कासाहेब

दर बुधवारी सकाळी साडेआठला मास्तरांच्या घरी एकच नियम चाले : आधी इंजिन, मग आक्कासाहेब.

आक्कासाहेब म्हणजे मास्तरांची घोडी. वय बावीस, वजन चारशे वीस किलो, स्वभाव निवृत्त मुख्याध्यापिकेचा. मास्तरांनी उभा जन्म मुलांना घोड्यावर बसायला शिकवलं होतं. एकेक करत बाकीची घोडी गेली, तबेला रिकामा झाला, पण आक्कासाहेब राहिल्या. आता दोघांना मिळून आठवड्यातून एकच काम उरलं होतं. अकरा किलोमीटरवर एक शाळा होती, जिथल्या मुलांना चालायला किंवा बोलायला जड जायचं. तिथे जाऊन आक्कासाहेब तासभर अंगणात संथ चकरा मारत. एरवी खुर्चीत अंग मुडपून बसणारी एक मुलगी त्यांच्या पाठीवर बसली की सरळ ताठ व्हायची. तेवढं बघण्यासाठी मास्तर मंगळवारपासूनच बूट पुसायला घेत.

आक्कासाहेबांसाठी एक ट्रेलर होता आणि तो ओढायला एकोणीस वर्षांची डिझेल जीप. घरातले तिला दमेकरी म्हणत. पहिल्या हाकेला ओ देणं तिला माहीत नव्हतं. अगदी सुरुवातीला एकदा मास्तरांनी घोडीला ट्रेलरमध्ये चढवून मग किल्ली फिरवली होती, तर दोघी तासभर जागच्या हलल्या नव्हत्या. तेव्हापासून आधी इंजिन सुरू व्हायचं, दहा मिनिटं खोकून-खाकरून ते ताळ्यावर आलं की मग तबेल्याचं दार उघडायचं. त्या दहा मिनिटांत शेजारचे वकील घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेत आणि शेवटची जरा जोरात लावत.

आता दमेकरीचा परवाना महिनाअखेरीला संपत होता आणि तो वाढवून मिळणार नव्हता.

"नवी गाडी घ्या, नाहीतर बुधवार बंद करा," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या हायस्कुलात विज्ञान शिकवत आणि घरातही एका वाक्यात दोनच पर्याय ठेवत.

"पण कुठली घेऊ?" मास्तर म्हणाले. हे त्यांनी रविवारी, घरात माणसं असताना, मोठ्यानं विचारलं आणि तिथेच चूक झाली.

"भावोजी, डोळे झाकून पेट्रोल घ्या," मेव्हणा म्हणाला. "घेताना स्वस्त, चालवताना मऊ."

"ओझं ओढायला डिझेल, मास्तर, डिझेल!" उस्ताद म्हणाले. दमेकरीला एकोणीस वर्षं जिवंत ठेवणारे मेकॅनिक तेच. "पेट्रोल म्हणजे पाहुणा. जेवेल पोटभर, काम सांगितलं की निघाला."

"बाबा, विजेची घ्या," जावई म्हणाला. "आवाज नाही, धूर नाही आणि जोर पहिल्या क्षणापासून."

"आणि वाटेत वीज संपली म्हणजे?"

"अकरा किलोमीटरांत?"

"आमच्या वेळी..."

"उस्ताद, तुमच्या वेळी गाडी घोडीच ओढायची!"

उस्तादांनी चहाचा कप खाली ठेवला. प्रकरण हातघाईवर येणार, एवढ्यात मास्तरीणबाईंनी वही उघडली. "भांडायचं नाही, मोजायचं. तिन्ही गाड्या एकेक दिवस आणा. तोच ट्रेलर, तोच चढ, तेच वजन. तीस-तीस किलोची चौदा पोती वाळू भरली की झाल्या आक्कासाहेब."

"अगं, पण तिलाच नेऊ की," मास्तर म्हणाले.

"तिचे गुडघे दुखतात, उगीच त्रास कशाला? आणि गाडीला काय कळतंय, मागे घोडी आहे का वाळू?"

शास्त्राच्या दृष्टीनं हे बिनचूक होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मेव्हण्याची पेट्रोल गाडी पहिल्या दिवशी आली. सपाटीवर ती लोण्यासारखी गेली. गल्लीच्या टोकाच्या चढावर मात्र तिला धाप लागली आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली सरकू लागला. "काट्याकडे काय बघता भावोजी, बाहेर बघा, केवढं ऊन पडलंय!" मेव्हणा म्हणाला.

उस्तादांनी एका गिऱ्हाइकाची नवीकोरी डिझेल आणली. ती चौदा पोती घेऊन चढ अशी चढली की मास्तरांचे डोळे पाणावले. पण रात्री मास्तरीणबाईंनी तिचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचून काढलं. "हिला धूर गाळायची जाळी आहे. ती साफ राहायची तर अधूनमधून गाडी लांब पळवावी लागते. आपण आठवड्यातून एकदा शाळेत जाणार आणि एकदा भाजीला. जाळी तुंबेल."

"मग मास्तरांनी लांब जाऊन यावं की," उस्ताद म्हणाले.

"कुठे?"

"कुठेही. गाडीला बरं वाटावं म्हणून."

मास्तरीणबाईंनी वहीत फुली मारली.

विजेची गाडी चढ चढली हे कुणाला कळलंच नाही. वर पोचल्यावर कळलं. जावयाला इतका चेव आला की तो सासऱ्यांना घेऊन तसाच पुढे साठ किलोमीटर गेला. मागे ट्रेलर असला की बॅटरी दुप्पट वेगानं उतरते, हे त्याला तिथे समजलं. चार्जिंगच्या जागेत गाडी मावली, ट्रेलर मावेना. तो सोडवून त्यांनी शेजारच्या अर्धवट इमारतीच्या फाटकाशी लावला आणि चहाला गेले. परत आले तेव्हा बॅटरी भरली होती आणि ट्रेलर रिकामा होता.

"वाळू आली, उतरवून घेतली," मुकादम म्हणाला.

"अहो, ती वाळू नाही, ती आमची घोडी आहे!" मास्तर ओरडले.

मुकादमानं जावयाकडे बघितलं. जावयानं सगळं समजावून सांगितलं, त्यामुळे मुकादमाचा संशय जास्तच वाढला. पण माणूस भला निघाला. "चुकलं आमचं. वेळेवर आलेली वाळू आयुष्यात पहिल्यांदा बघितली, म्हणून विचारलं नाही," असं म्हणून त्यानं चौदाही पोती परत चढवून दिली.

तरी येऊन-जाऊन बावीस किलोमीटरांसाठी विजेची गाडीच पहिली आली. वही बंद झाली आणि पांढरीशुभ्र गाडी दारात उभी राहिली. दमेकरी उस्तादांकडे गेली. जाताना मास्तरांनी तिच्या बॉनेटवरून हात फिरवला आणि कुणी बघतंय असं दिसल्यावर "धूळ होती" म्हणाले.

नव्या गाडीचा पहिला बुधवार बघायला मेव्हणा आणि जावई मुद्दाम आले होते. मास्तरांनी बटण दाबलं. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. त्यांनी तबेल्याचं दार उघडलं. आक्कासाहेब ट्रेलरच्या फळीपर्यंत आल्या आणि थांबल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं, आणि हा माणूस आपल्याला एवढ्या लवकर का घेऊन आला ते त्यांना समजेना.

गाजर दाखवलं. पाय न हलवता त्यांनी मान लांब करून ते खाल्लं. मेव्हण्यानं मागून जोर लावला, तर शेपटीचा एक फटका त्याच्या तोंडावर बसला. जावयानं गाडीतून मंद बासरी लावली. आक्कासाहेबांनी कान मागे पाडले. मास्तरीणबाईंनी फळीचा कोन मोजला.

"सगळं तेच आहे," त्या म्हणाल्या. "वाळू तर चढली होती."

"वाळूला आम्ही उचलून ठेवलं होतं गं," मास्तर म्हणाले.

साडेनऊला शाळेचा फोन आला. "मास्तर, निघालात ना? मुलं केव्हाची फाटकाशी येऊन बसलीत."

"निघालो," मास्तर म्हणाले. फोन ठेवून ते फळीवरच बसले. आयुष्यात शेकडो घोडी त्यांनी वळणावर आणली होती, आणि आज स्वतःचीच घोडी ऐकत नव्हती. "मी तिला चालत नेतो," ते म्हणाले.

"अकरा किलोमीटर? गुडघ्यांचं काय?"

"कुणाच्या?"

"दोघांच्या."

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला कुणीतरी खोकलं. ओळखीचा, छातीतून आलेला खोकला. वकिलांच्या खिडक्या धडाधड लागल्या. दमेकरी घेऊन उस्ताद दारात आले आणि इंजिन तसंच चालू ठेवून उतरले. "मास्तर, तुमचा चष्मा राहिला होता हिच्यात. म्हटलं, हिच्या शेवटच्या फेरीत..."

आक्कासाहेबांचे कान उभे राहिले. त्या वळल्या, टापांचा आवाज करत फळी चढल्या, आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या आणि जोरात फुरफुरल्या. कशाला एवढा उशीर केला, असा त्या फुरफुरण्याचा सूर होता.

मास्तरीणबाईंनी हळूच वही मिटली. "आधी इंजिन, मग आक्कासाहेब," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षं आपणच शिकवलं तिला."

उस्तादांनी सवयीनं जाऊन किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं, तशा आक्कासाहेब उलट पावली खाली उतरू लागल्या.

"चालू करा! चालू करा!" पाचही तोंडांतून एकदम आरोळी उठली; त्यात उस्तादांचीही होती.

शेवटी जावयानंच डोकं लढवलं. दमेकरीचा दहा मिनिटांचा खोकला त्यानं फोनमध्ये भरून घेतला आणि नव्या गाडीच्या स्पीकरवर लावला. सव्वादहाला, धूर नसलेली, आवाज नसलेली, विजेवर चालणारी आधुनिक गाडी खोकत, खाकरत, धाप टाकत शाळेच्या फाटकातून आत शिरली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी पाठीवर बसली, ताठ झाली, आणि मास्तरांना एकदम पोटातून बरं वाटलं.

पुढच्या बुधवारपासून हा रिवाजच झाला. एकदा वकील नाकाला रुमाल लावून कुंपणाशी आले. "एवढी नवी गाडी घेतलीत, पण धूर काही कमी नाही हो!" मास्तरांनी नम्रपणे माफी मागितली.

दोन महिन्यांनी जावई पुन्हा बुधवारीच आला. मास्तर अजून आत बुटांच्या नाड्या बांधत होते. मास्तरीणबाईंनी तबेल्याचं दार उघडलं. अंगणात चिडीचूप होतं. आक्कासाहेब शांतपणे आल्या, फळी चढल्या आणि जागेवर उभ्या राहिल्या.

"आई! आवाज लावलाच नाही आणि ही चढली?"

"महिना झाला त्याला."

"मग बाबा अजून..."

"हळू बोला."

मास्तर बाहेर आले. गाडीत बसून त्यांनी बटण दाबलं. दमेकरी खोकू लागली. दोन्ही हात चाकावर ठेवून, मान जराशी तिरकी करून, मास्तर इंजिन ताळ्यावर यायची वाट बघत बसले. जावई आपल्याकडे बघतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी काच खाली केली.

"आक्कासाहेबांना सवय आहे हो," ते म्हणाले.

"आहेच मुळी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दहा मिनिटं पुरी होऊ द्या. घाई नाही."

पलीकडे वकिलांनी शेवटची खिडकी जरा जोरात लावून घेतली.