एक नंबर लहान

मुलाखतीला पाच मिनिटं उरली होती आणि एक्स-रेवाला हॉस्पिटलच्या जिन्यात भिंत धरून उभा होता. नवे बूट चावत होते. विभागप्रमुखाला शोभेल असा दुकानात एकच जोड उरला होता, तोही एक नंबर लहान.

"अहो, बारा वर्षांत तुमचा एक फोटो परत काढावा लागला नाही," बायको सकाळी म्हणाली होती. "मग बुटांचं काय एवढं?"

"माणूस आत आला की आधी बूट बघतात."

"मग लंगडतानाही बघतील."

आत तिघे बसले होते. मधल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला आणि त्याच्या करंगळीतून अशी कळ गेली, की तोंडून "आई गं!" निघून गेलं.

"काय म्हणालात?"

"आई... आईनंच मला या लाइनीत घातलं, मॅडम."

त्याला दरदरून घाम फुटला. टेबलाखाली टाचेनं टाच दाबून त्यानं हळूच दोन्ही बूट काढले. जिवात जीव आला. उत्तरंही नीट येऊ लागली. उठण्याआधी पाय आत घातले की झालं, असं तो मनाशी म्हणतोय तोच बाई उठल्या.

"चला, नव्या मशीनवर एक पेशंट घेऊन दाखवा."

पाय सुजून टम्म झाले होते. बुटात जाईनात. धडपडीत एक बूट थेट बाईंच्या खुर्चीखाली गेला. तिघे दारात खोळंबलेले. शेवटी तो तसाच मोज्यांवर निघाला. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. आता संपलंच सगळं!

मशीनपाशी बरगडी दुखावलेल्या एक आजी थरथरत होत्या.

"दुखेल का रे?"

"ते हातसुद्धा लावत नाही, आजी. लांबूनच बघतं. श्वास धरा... सोडा. झालं."

"एवढंच?"

फोटो पहिल्याच खेपेला लख्ख आला. पण बाई त्याच्या पायांकडे बघत होत्या. त्यानं अंगठा आत ओढला.

"आज पाच जण आले," त्या म्हणाल्या. "या खोलीच्या दारावर एवढी मोठी पाटी आहे, बूट बाहेर काढा म्हणून. पाळणारे तुम्ही एकटेच. विभाग तुम्हीच सांभाळा."

"आणि मॅडम, फोटो...?"

"फोटो काय, सगळ्यांचेच बरे आले."

त्यानं बायकोला फोन लावून बातमी सांगितली.

"बघा! शेवटी कामाचंच चीज झालं ना?"

"हो... कामाचंच." त्यानं खिडकीतून खाली पाहिलं. मोठ्या डॉक्टरांच्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि टोकाला त्याची स्कूटर भिंतीला टेकलेली होती.

"काय गं," तो हळूच म्हणाला, "विभागप्रमुखाला स्कूटर शोभते का?"