दशमीचं दळण

गिरणीच्या रांगेत मालनचा नंबर आला तेव्हा गिरणीवाल्या हिरामणने आधी तिच्या डब्यात पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा डब्यात पाहिलं.

"वरी?"

"वरी."

"आज दशमी हाय, वैनी. गिरणी झाडून, पुसून घेतलीय. आज फकस्त उपासाचं दळण."

"मंग वरी उपासाचीच असते ना?"

"वरीचं नाय इचारत. तुमचं इचारतो. बुधाजीबाबांच्या घरात उपास?"

हिरामणचं चुकलं नव्हतं. बुधाजीबाबा म्हणजे मालनचे सासरे. पळसदरी ते ठाकुरवाडी या घाटाच्या पट्ट्यात त्यांनी गँगमन म्हणून जन्म काढला होता. छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि घरातले उपास-तापास, नवस-सायास एका दिवसात बंद केले. "पोटभर जेवा आन पोरं शिकवा," एवढा एकच नियम त्यांनी ठेवला होता.

पण त्यांच्या नातीला, पाच वर्षांच्या यशोधरेला, पोटभर जेवणंच अवघड होतं. घरात तिला येशी म्हणत. गहू आणि दूध हिला सोसत नाही, असं मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बिस्किटाचा चुरा जरी पोटात गेला तरी पोट फुगायचं आणि मग चार दिवस मालन फडकी धूत बसायची. तांदळाचं पीठसुद्धा सोसेना, कारण गिरणीत तांदूळ गव्हाच्या मागोमाग पडत. त्यामुळे रेल्वेच्या चाळीत कुणाचाही वाढदिवस असला की बाकीच्या पोरांच्या हातात बशी यायची आणि येशीच्या हातात फुगा. गेल्या महिन्यात गार्डसाहेबांच्या मुलाने केक कापला तेव्हा येशीने कोपऱ्यात जाऊन तो फुगाच हळूच चाटून पाहिला होता.

ते मालनने पाहिलं होतं. उद्या येशीचा वाढदिवस होता, आणि गव्हाचा कण नसलेली गिरणी दशमीशिवाय मिळत नव्हती. खरं सांगावं तर हिरामण म्हणाला असता, 'एका पोरीच्या पोटासाठी बिनउपासाच्या घरचं दळण घालून सगळ्यांचा उपास बाटवू काय?' मग ही दशमी गेली असती आणि पुढच्याही गेल्या असत्या.

मालनने पदर सारखा केला. "धरलाय मी. एकादशीचा."

"अगं बया!" मागून आवाज आला.

मागे शिंगाड्याचा डबा घेऊन शेजारच्या ठकूबाई उभ्या होत्या. ठकूबाई म्हणजे चाळीतल्या उपासांच्या स्टेशनमास्तर. कोणता पदार्थ आत घ्यायचा आणि कोणता सिग्नलला उभा करायचा, हे त्याच ठरवत. त्यांची आणि मालनची भिंत एक होती, त्यालाही चार वर्षं झाली होती; पण मालनने पाणी विचारलं की ठकूबाई म्हणायच्या, "आत्ताच प्याले गं." चहा विचारला की, "आत्ताच झाला गं." मालनने आता विचारणं सोडलं होतं.

"पयली एकादशी एकटीनं करायची नसते," ठकूबाईंनी जाहीर केलं. "उद्या आमी येतो फराळ घिऊन. काय गं मोतीबाई?"

मोतीबाई हिरामणची बायको. ती वजनकाट्यापाशी बसली होती. "येनारच की," ती म्हणाली, आणि मालनला पळवाट उरली नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा घाटातल्या इंजिनावर ड्यूटीला गेला आणि सासरे बुद्धपौर्णिमेच्या तयारीसाठी विहारात गेले. बायका यायच्या आत केक करून झाकून ठेवायचा, असा मालनचा बेत होता. पण तिने शेगडी पेटवली न पेटवली तोच ठकूबाई स्वतःचा पाट घेऊन दारात.

"पयल्या उपासाला मानूस चुकून तोंडात टाकतं. म्हनून बसते हितं."

म्हणजे मालनला खरोखरच उपास घडणार. जन्मात पहिला, आणि तोही पोलिसपहाऱ्यात. फडताळात भात झाकलेला होता, त्याच्याशेजारी बोंबलाची चटणी होती, आणि वास काही केल्या झाकला जात नव्हता.

ठकूबाईंनी नाक वर केलं. "बोंबील?"

"बाबांचे हायत. सासऱ्यांचे."

"हं," ठकूबाई म्हणाल्या.

मालन पाठ करून कामाला लागली. बरक्या फणसाचा रस, गूळ, नारळाचं दूध आणि त्यात भाजलेलं वरीचं पीठ. पातेल्याला आतून केळीचं पान लावलं.

"त्यात काय टाकलंस गं?"

"चिमटीभर सोडा. फुगायला."

ठकूबाई विचारात पडल्या. सोड्याचा प्रश्न त्यांच्यापुढे आजवर आला नव्हता. "सोडा कुठनं येतो?"

"वाण्याकडनं."

"त्याच्या आधी?"

"जमिनीतनं येत असंल."

"मंग रताळ्यागत झाला. चालतंय."

पातेलं शेगडीवर चढलं. वर थाळी आणि थाळीवर निखारे. हळूहळू फणसाचा आणि गुळाचा असा वास सुटला की बोंबलांनी हार मानली. येशी शेगडीपासून हातभर अंतरावर गुडघ्यांना मिठी मारून बसली. "आई, फुगतोय का गं?" ती दर थोड्या वेळाने विचारत होती. मालनचं पोट आतून ओरडत होतं.

थाळी उचलायला आणि मोतीबाई यायला एकच गाठ पडली. तिच्यामागून चाळीतल्या आणखी सातआठ जणी, प्रत्येकीच्या हातात झाकलेली ताटली. सगळ्यांच्या नजरा पातेल्यात. केक सोनेरी फुगला होता, मधोमध थोडा भेगाळलेला.

"ठकूबाई," मोतीबाई आवंढा गिळत म्हणाली, "चालतंय का वो हे?"

ठकूबाईंनी पातेल्याकडे पाहिलं, मग मालनकडे, मग येशीकडे. चार वर्षांचं 'आत्ताच झालं गं' त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मालनला दिसलं.

"चाखल्याबिगर कसं सांगनार?" ठकूबाई म्हणाल्या आणि त्यांनी कडेचा तुकडा मोडला. डोळे मिटून चावला. दुसरा तुकडा मोडला.

"चालतंय!"

मग केकवर धाडच पडली. कुणी उलथनं आणलं, कुणी मालनच्याच ताटल्या फळीवरून काढल्या.

"अवं, जरा थांबा! आज येशीचा वाढदिवस हाय! हा तिचा—"

"वाढदिवस? मंग तर आनखी एक दे!" मोतीबाईने ताटली पुढे केली.

पातेलं रिकामं व्हायच्या आत मालनने झडप घालून एक तुकडा मिळवला आणि येशीच्या हातात दिला. मेणबत्ती नाही, कापणं नाही. मालनच्या डोळ्यांत पाणी आलं. येशीने तुकडा मात्र दोन घासांत संपवला, बोटं चाटली आणि ती मोतीबाईच्या ताटलीकडे बघू लागली.

"आई, ही खिचडी मी खाऊ?"

सवयीने मालनच्या तोंडात 'नको' आलं. आणि तिथेच अडलं. साबुदाणा. शेंगदाणे.

"मोतीबाई, तुपात केलीय का?"

"नाय गं, शेंगदान्याच्या तेलात."

"खा," मालन म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"आन हा कीस?"

"रताळ्याचा, त्यो बी तेलातला. खा."

"आन लाडू?"

"राजगिऱ्याचा, गुळातला," ठकूबाई म्हणाल्या. "घे दोन."

येशी एका ताटलीकडून दुसऱ्या ताटलीकडे फिरत होती. जन्मात प्रथमच एका घरात जेवढं म्हणून मांडलं होतं तेवढं सगळं तिचं होतं.

तेवढ्यात दारात छत्री आपटली. बुधाजीबाबा उभे होते. वाटेत त्यांना हिरामण भेटला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"सूनबाई! माझ्या घरात उप—"

दोन्ही गाल फुगलेली नात त्यांनी पाहिली. मग ठकूबाईंकडे पाहिलं. ठकूबाईंच्या मांडीवर बाबांच्याच घरची ताटली होती आणि त्या ती बोटाने निपटून खात होत्या.

बाबांनी छत्री खुंटीला लावली. सावकाश टोपी काढली.

"ठकूबाई, पुढली एकादशी कधी?"

"पंधरा दिसांनी. का वो? तुमी बी धरनार का काय?"

"मी? छा! उपास तुमी धरा. मी नातीला घिऊन जेवायला येनार." ते येशीशेजारी फतकल मारून बसले. "आन मधल्या दिसांत काय नसतं का तुमचं?"

"चतुर्थी हाय की! सोमवार हाय!"

"मंग एवढी वर्सं सांगितलं का नाय?"

बायका पदरात हसल्या. ठकूबाईंनी ताटली खाली ठेवली आणि इतक्या सहज म्हणाल्या की जणू रोजचंच आहे, "मालन, च्या टाक गं. बिनदुधाचा. पोरीला बी घोटभर होईल."

मालन शेगडीकडे वळली. आधण ठेवलं. पाठीमागे सगळ्या बोलण्यात गुंतल्या होत्या. सकाळपासून पोटात कण नव्हता. तिने फडताळाचं दार किलकिलं केलं, भाताचा घास मोडला, बोंबलाच्या चटणीत बुडवला आणि तोंडात टाकला.

मागे पाऊल वाजलं. ठकूबाई कप न्यायला आल्या होत्या. मालनने पदर तोंडावर धरला.

ठकूबाईंनी एकदा मागे मोतीबाईकडे पाहिलं, आपल्या अंगाने फडताळ आडवं केलं आणि हळूच म्हणाल्या, "लौकर गिळ गं. आन आधी ते दार लाव, वास सुटलाय. गिरणीवालीला कळलं तर पुढल्या दशमीला दळण नाय मिळायचं आपल्याला."