थांबली की वाजते

थोरल्या भावाच्या लग्नात ट्रम्पेटवाले आणायचे नाहीत, असं रादिसावनं परस्पर ठरवून टाकलं. "नवरी आणायला माझी गाडी जाणार, मग फुंकणारे कशाला?" असं म्हणून तो नवाकोरा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन स्वेतोझारच्या अंगणात हजर झाला.

स्वेतोझार ट्रॅक्टर दुरुस्त करी, त्यामुळे जगातली कुठलीही वायर आपल्याला ओळखते अशी त्याची समजूत होती. अंगण उतरतं, गाडीचा हँडब्रेक मेलेला. म्हणून रादिसाव ब्रेकवर पाय दाबून बसला. अ‍ॅम्प्लिफायरला जागं करणारी बारीक वायर कुठे जोडावी, हे स्वेतोझार गाडीतल्या गालिच्याखाली चाचपडत होता.

"सापडली! हिच्यात करंट आहे!"

गाणं असं दणाणलं की कोंबड्या कुंपणापार गेल्या. रादिसाव ऐटीत रस्त्यावर आला आणि गाडी मुकी झाली. परत अंगणात आला, ब्रेक दाबून थांबला, तर पुन्हा दणदणाट. स्वेतोझारनं फ्यूज बदलला, अर्थिंगसाठी रंग खरवडला, बॅटरीही नवी बसवली. अंगणात गाणं, रस्त्यावर मौन!

"गाडी ठीक आहे," शेवटी तो म्हणाला. "रस्त्यातच बिघाड आहे."

लग्नाच्या दिवशी नवरीच्या दारात गाडी थांबली आणि छान वाजली. नवरीची आई देसांका कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझी यासना वाजतगाजत जाईल. वाजणं थांबलं तर मुलगी घरात परत!"

रादिसावनं यासनाला पुढच्या सीटवर बसवलं. भावाचं लग्न त्याच्या गाडीवर येऊन लटकलं होतं. फाटक ओलांडलं आणि व्हायचं तेच झालं.

"अशी तर प्रेतं नेतात!" देसांकानं मागून डिकीवर थाप मारली. "उतर गं खाली!"

यासनानं दार उघडलंच होतं, तेवढ्यात गावातल्या पोरांनी रिवाजाप्रमाणे रस्त्यात दोरी ताणली. राकियाची दारू पाजल्याशिवाय वरात पुढे नाही! रादिसावनं ब्रेक दाबला. गाणं गरजलं, देसांका राग विसरून नाचू लागली, आणि मागच्या सीटवरचा स्वेतोझार बाटली घेऊन तिला सामील झाला.

यासना मात्र दिराच्या बुटाकडे बघत होती. "भावजी, पाय उचला बरं. आता ठेवा. अहो, ब्रेक दाबला की हिला कंठ फुटतो!"

रादिसाव ब्रेक दाबूनच गाडी रेटायला गेला, तर इंजिन बंद पडलं. चुकून ब्रेकच्या दिव्याला जोडलेली वायर शोधावी म्हटलं, तर स्वेतोझारला एव्हाना स्वतःचे हातही सापडत नव्हते. मग नवरीनं खिडकीतून डोकं काढलं.

"दोरी धरा रे पोरांनो! पुढेही धरा, सगळीकडे धरा!"

एरवी वराती दोरीला शिव्या घालतात, ही दोरी मागत होती. पोरं हरखली. पावला-पावलावर दोरी, दोरीपाशी गाणं, गाण्यावर नाच. चर्च कोपऱ्यावरच होतं, तरी वरात पोचेपर्यंत पाद्रीबुवांना दोनदा डुलकी लागून गेली. असल्या थाटाची वरात आजवर झाली नव्हती, हे देसांकानंच गावभर सांगितलं.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या एका नवरदेवाचा भाऊ चकचकीत गाडी घेऊन स्वेतोझारच्या अंगणात आला. स्वेतोझारनं दिवसभर खपून वायरी जोडल्या. पाहुण्यानं गाडी फिरवून आणली आणि तोंड वाकडं केलं.

"ही तर सारखीच वाजतेय! असलं काम कुणीही करेल. मला रादिसावसारखं हवंय."

स्वेतोझार ओशाळला. "जरा थांबा," तो गालिचा उचलत म्हणाला. "संध्याकाळपर्यंत बिघडवून देतो."