पूर्वीपासूनचा गुडघा

आमच्या इमारतीतले खंडेराव कुटे यांचा उजवा गुडघा कामातून गेला आहे, ही गोष्ट डॉक्टरांना मान्य आहे, एक्स-रेला मान्य आहे आणि खंडेरावांच्या पत्नी धोंडाबाईंना तर फारच मान्य आहे. मान्य नाही ती फक्त सुखांत आरोग्य विमा कंपनीला. या मतभेदाची हकिगत लिहून ठेवणं सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून माझं कर्तव्य आहे. कारण चार वर्षांपूर्वी बाराही फ्लॅटवाल्यांनी मिळून एकाच कंपनीची पॉलिसी घ्यावी, ही सूचना माझी होती. तेव्हा कंपनीने सोसायटीला एक भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते माझ्या घरात सुरक्षित आहे.

खंडेरावांना आम्ही सगळे नाना म्हणतो. अंबडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं लेथ मशीनपुढे उभं राहून ते निवृत्त झाले, आणि आता तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट आहे, पण ती बिल्डरच्या माहितीपत्रकात. यंदा नानांच्या नातीचं, सायलीचं, लग्न मार्गशीर्षात सायखेड्याला ठरलं आणि नानांनी एकच हट्ट धरला. मंडपाच्या दारात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत आपणच करणार, बसून नाही. डॉक्टर म्हणाले, "दसऱ्याच्या आत गुडघा बदलून घ्या, म्हणजे मार्गशीर्षात उभे राहाल." पदरचे पैसे घालावेत, तर ते लग्नासाठी ठेवलेले. राहिली पॉलिसी. गुडघा बदलायचा तर चार वर्षं थांबावं लागेल, अशी तिच्यात अट होती, आणि नाना दुखरा पाय ओढत चार वर्षं सहा दिवस थांबले होते.

आम्ही कागद पाठवले. आठव्या दिवशी उत्तर आलं.

'सादर केलेल्या एक्स-रेचे अवलोकन केले असता सदर गुडघा पॉलिसीच्या दिनांकापूर्वीपासून विमाधारकाच्या शरीरात असल्याचे निदर्शनास येते. ही बाब अर्ज भरताना उघड केलेली नाही. सबब ऑपरेशनला पूर्वमंजुरी नाकारण्यात येत आहे.'

मी अर्ज काढून पाहिला. खरंच, गुडघे असल्याचं नानांनी कुठेही लिहिलेलं नव्हतं. तरीही मी सोसायटीच्या लेटरहेडवर विचारलं, की माणसाचे सगळेच अवयव जन्मापासूनचे असतात, तेव्हा या पॉलिसीत नेमकं काय बसतं? कंपनीने तत्परतेने कळवलं, 'पॉलिसीच्या दिनांकानंतर नव्याने प्राप्त झालेल्या अवयवांना संपूर्ण संरक्षण आहे. मात्र अवयव प्राप्त झाल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी कळविणे बंधनकारक राहील.'

"म्हंजी आता ह्यांना नवा गुडघा फुटायची वाट बघायची का?" धोंडाबाईंनी विचारलं.

"फुटलाच तर तीस दिवसांत कळवायचं, काकू," मी म्हणालो. "मुदत चुकवून चालणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याच दुपारी वरिष्ठांकडे तक्रार केली. वरिष्ठांनी ती गंभीरपणे घेतली आणि विमाधारक खरोखर आजारी आहे का, हे घरी जाऊन पाहायला संतोष नावाचा एक तपासनीस पाठवला. पोरगा सभ्य होता. चपला बाहेर काढून आत आला, फाइल मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "काय काका, तब्येत कशी आहे?"

"एकदम ठणठणीत!" नाना म्हणाले.

इथे आमच्या सगळ्यांचंच चुकलं. आमच्याकडे तब्येत विचारली की ठणठणीतच सांगायची पद्धत आहे. परक्या माणसापुढे दुखण्याचं गाऱ्हाणं मांडणं बरं दिसत नाही, आणि तो पहिल्यांदाच घरी आला असेल तर मुळीच नाही. पण हे आधी कोणी नानांशी बोललंच नव्हतं.

"गुडघा दुखतो का?"

"आता वय झालं म्हणल्यावर थोडंफार चालायचंच. तुमचं सांगा. गाव कोणतं?"

"चांदवड."

"चांदवड!" नाना जवळजवळ उभेच राहिले. "आमच्या मावशीची सून चांदवडची. मंग तुम्ही घरचेच की! अगं, चहा टाक. चिवडा काढ."

चिवडा संपला होता. धोंडाबाईंनी डोळ्यांनी खुणावलं, मी खोकलो, एकदा नानांचा सदराही धरला. पण पाहुणा नुसत्या चहावर जाणार ही कल्पना नानांना सोसेना. ते कठडा धरून तीन मजले उतरले, चौकातून पावशेर चिवडा घेतला आणि तीन मजले चढून वर आले. तोंड काळंठिक्कर पडलं होतं, घाम निथळत होता. तशातही त्यांनी बशी पुढे केली. "घ्या, लाजू नका." संतोष निघाला तेव्हा नाना त्याला सोडायला रिक्षापर्यंत गेले आणि रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडलेही.

संतोषने जे पाहिलं तेच लिहिलं. त्याला मी दोष देत नाही. 'विमाधारकाच्या स्वतःच्या जबाबानुसार प्रकृती ठणठणीत आहे. तपासणीदरम्यान विमाधारकाने स्वेच्छेने तीन मजले दोन वेळा उतरून व एकदा चढून दाखविले. चिवडा चांगला होता.' शेजाऱ्यांचे जबाबही जोडले होते. त्यांना संतोषने वर येतानाच जिन्यात गाठलं होतं. माणसाच्या माघारी वाईट बोलू नये म्हणून एकजात सगळ्यांनी सांगितलं होतं, की नानांना काही झालेलं नाही, माणूस अजून लोखंड आहे.

मंजुरी पुन्हा नाकारली गेली. मी फेरतपासणी मागितली. ती व्हिडिओ कॉलवर होईल असं ठरलं आणि तयारीला नऊ दिवस मिळाले. माझी बायको उज्वला गणेश मंडळाच्या नाटकांत कामं करते. तिने नानांना कण्हायला शिकवायला घेतलं. पहिले चार दिवस नानांना "आई गं" म्हणताना हसू येत होतं. पाचव्या दिवशी जमलं. सातव्या दिवशी तर त्यांना ते इतकं आवडलं की भाजीवाली आली तरी कण्हून दाखवायचे. धोंडाबाई एकदा आत जाऊन डोळे पुसून आल्या. "खरं दुखतं तवा दात दाबून बसत्यात," त्या मला म्हणाल्या, "आन आता खोटं वरडायचं शिकावं लागतंय. काय दिवस आले!" मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण प्रक्रियेत भावनांना रकाना नसतो.

कॉलच्या दिवशी नाना असे कण्हले की तळमजल्यावरची माणसं धावत वर आली. अहवाल आला, 'केवळ गुडघ्याच्या दुखण्यात एवढा आवाज अपेक्षित नाही. विमाधारकाने हृदयविकार लपविला असण्याची दाट शक्यता आहे. तसेच विमाधारक कण्हताना मध्येच थांबून तपासनीसाने चहा घेतला का, अशी चौकशी करतो. यावरून दुखणे ऐच्छिक असल्याचे दिसते.'

दसऱ्याला अकरा दिवस उरले होते. तेवढ्यात कंपनीने 'आरोग्यव्यवस्था सुधारणा परिसंवाद व तक्रार निवारण मेळावा' जाहीर केला. नाशिकमध्येच, शरणपूर रोडवरच्या एका सभागृहात. तक्रारदाराने जातीने हजर राहावं, नाहीतर तक्रार निकाली निघाली असं समजण्यात येईल, असं पत्रात होतं. सभागृह तिसऱ्या मजल्यावर होतं आणि वीजबचत सप्ताहामुळे लिफ्ट बंद होती. मी फोन करून विचारलं, "विमाधारक जिना चढू शकत नाहीत, हीच तर तक्रार आहे. ते वर कसे येणार?"

"चढून आले तर तक्रार खोटी ठरेल," पलीकडून मोहिनी मॅडम म्हणाल्या. त्या तक्रार निवारण अधिकारी. आवाज फार गोड. "आणि आले नाहीत तर गैरहजर. दोन्ही पर्याय तुमच्यासाठी खुले आहेत, सर."

आम्ही तिसरा काढला. इमारतीतल्या चौघांनी नानांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. पुढचा डावा पाय माझ्याकडे होता. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो तेव्हा नाना म्हणाले, "राहू द्या रे, माझ्यापायी तुमचे गुडघे जायचे." मोहिनी मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांनी मनापासून कौतुक केलं आणि फाइलवर शेरा मारला. 'विमाधारकाकडे स्वतःची पुरेशी वहनव्यवस्था उपलब्ध आहे. कृत्रिम सांध्याची निकड दिसत नाही.'

खुर्ची रांगेत मावेना, म्हणून नानांना दारापाशी ठेवलं. मग परिसंवाद झाला. पहिल्या वक्त्याने उपचार सगळ्यांना फुकट मिळाले पाहिजेत असं सांगितलं आणि ज्या देशांत ते मिळतात त्यांपैकी अकरा देश स्वतः पाहिल्याचं सांगितलं. दुसरा म्हणाला की फुकट दिलं की माणसं उगाच आजारी पडतात, बाजारावर सोडा, गुडघ्यांचे भाव आपोआप खाली येतील. तिसरा सोफ्यातून उठला नाही. त्याचं म्हणणं, आपले पूर्वज जमिनीवर मांडी घालून बसत, म्हणून त्यांना गुडघेच नव्हते. म्हणजे दुखत नव्हते. तिघांचं एकमेकांशी कडाक्याचं भांडण झालं, टाळ्याही झाल्या. नानांनी काही विचारायला हात वर केला, पण ही चर्चा आहे, यात प्रश्न विचारायचे नसतात, असं सूत्रसंचालकाने समजावून सांगितलं.

शेवटी मोहिनी मॅडमनी सुधारणा जाहीर केली. "कंपनी मनमानी करते, असा आरोप होतो. म्हणून यापुढे निर्णय कंपनी घेणारच नाही. तो तुम्ही घ्यायचा. विमाधारकांचा निर्णय विमाधारकांच्या हाती!"

सभागृह उभं राहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दीडशे माणसं होती, प्रत्येकाचं काही ना काही कंपनीने नाकारलेलं. कोणाचं पित्ताशय, कोणाची प्रसूती. अशा माणसांसमोर नानांचा गुडघा पडणार म्हटल्यावर निकाल झालाच होता.

"पहिलं प्रकरण खंडेराव कुटे," मॅडम म्हणाल्या. "हे मंजूर केल्यास प्रत्येकाचा वार्षिक हप्ता अकरा रुपयांनी वाढेल. मंजूर असणाऱ्यांनी हात वर करावा. संबंधित कुटुंबाला मत नाही."

पंखे फिरत होते. मागे कुणीतरी कुजबुजलं, "आज अकरा, उद्या प्रत्येकाच्या गुडघ्याचे अकरा." एक बाई शेजारणीला म्हणाली, "बिचारे, पण दिसतायत तर चांगले." माझा उजवा हात मांडीवर होता. वर न्यायला माझी काहीच हरकत नव्हती. पण सेक्रेटरीने तटस्थ असावं असा संकेत आहे, आणि आधी दुसऱ्या कुणाचा वर गेला असता तर माझाही गेलाच असता. खुर्चीच्या बाकीच्या तीन पायांचंही बहुधा तेच मत असावं. धोंडाबाई वळून एकेकाच्या तोंडाकडे पाहत होत्या. नानांनी मात्र आमच्याकडे पाहिलं नाही, आम्हाला अवघड वाटू नये म्हणून असेल. आम्ही त्यांना खाली उतरवलं तेव्हा फार जपून उतरवलं. मी पाणी दिलं. रिक्षाचे पैसेही मीच दिले.

उघड मतदानात लोकांना संकोच होतो, हे मॅडमच्याही लक्षात आलं. त्यांनी त्याच आठवड्यात प्रकरण राज्यातल्या सगळ्या विमाधारकांच्या मोबाईलवर पाठवलं. सव्वाचार लाख माणसं, गुप्त मत, उत्तर द्यायला अठ्ठेचाळीस तास. 'पुरुष, त्रेसष्ट, उजवा गुडघा. मंजूर असल्यास १ पाठवा.' नानांनी घरात सांगून टाकलं, "सव्वाचार लाखांत माणसं भेटतीलच की." आणि लग्नासाठी नवे बूट घेतले.

सातजणांनी एक पाठवला. आमच्या इमारतीत बारा पॉलिसी आहेत, नानांची सोडून अकरा, त्यामुळे या आकड्याचा मी फार खोलात जाऊन हिशोब केलेला नाही. मी पाठवणारच होतो, पण त्या दोन दिवसांत रेंजचा फार प्रॉब्लेम होता. उरलेल्या सगळ्यांचा नकार धरला गेला, कारण उत्तर न देणं म्हणजे नकार, असं मेसेजच्या शेवटी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं.

तुम्ही असता तर एक पाठवला असता, असं तुम्हाला वाटत असेल. वाटू द्या, माणूस चांगला आहात. पण मागच्या मंगळवारी सकाळी तुमच्या मोबाईलवर विमा कंपनीचा एक मेसेज आला होता. रोजची कटकट म्हणून तुम्ही तो न वाचताच पुसून टाकलात. तो नानांचा होता.