अमृतरावांच्या कळकळीची चौकशी

माणसाला आपल्याविषयी खरी कळकळ आहे की नाही, हे तो कुठून रडायला लागतो यावरून ठरतं. आमच्या साखऱ्यात ही पद्धत जुनी आणि बिनचूक आहे. दुःखाच्या घरी येणारा वेशीपासून गळा काढत आला तर सख्खा, पारापासून काढला तर भाऊबंद, आणि दारात येऊन काढला तर नुसता ओळखीचा. माझी बायको वारली तेव्हा एक्केचाळीस माणसं वेशीपासून रडत आली. (त्यातली सहा चुकून शेजारच्या घरात शिरली, पण रडणं उत्तम होतं.) जमनाबाईंचा हेल तर ओढ्यापलीकडून ऐकू आला. उंबऱ्यात पाय पडताच तो थांबला आणि त्या म्हणाल्या, "भाऊजी, म्हैस इकून राहिले म्हणं?" एवढी कळकळ शहरात मिळायची नाही.

अशा गावात १९७४ साली सरकारनं अमृतराव नावाचे सल्लागार पाठवले. काम एवढंच, की दर मंगळवारी चावडीत बसून दुःखी माणसांचं ऐकायचं. ते सायकलवरून आले, कोरड्या डोळ्यांनी. स्टूल मागितलं, बसले आणि मला म्हणाले, "सांगा."

मी अकरा मंगळवार सांगितलं. बाराव्याला म्हणालो, ती पिठल्यात लसूण फार घालायची.

"पण तिला लसणाचा वास सोसत नव्हता, असं तुम्ही मागं म्हणालात," अमृतराव म्हणाले.

बराबर होतं. तिला सोसत नव्हता. मला आवडतो म्हणून घालायची. (हे मला त्या दिवशी कळलं.)

गावाला मात्र शंका आली. पगारी माणसाला कुठली कळकळ? पंच बसले. सरपंच संतराम म्हणाले, "साहेब, एकडाव रडून दावा. वेशीपासून न्हाई तं न्हाई, पारापासून."

"मला तसं येत नाही," अमृतराव म्हणाले.

"घ्या! पगार घेऊन राहिले अन् रडता येत न्हाई!"

मी सरपंचांना हात जोडले. "आबा, ते ऐकतात. माझा मंगळवार तेवढा ऱ्हाऊ द्या."

"ऐकायला काय लागतं? कान बैलालाबी हायेत."

चार विरुद्ध शून्य मतांनी कळकळ नसल्याचं सिद्ध झालं. (पाचवे पंच ग्यानबा झोपले होते, त्यांचं मौन तटस्थ धरलं.) अमृतरावांची चावडी बंद झाली, ते शेजारच्या गोरेगावला बसू लागले.

आता दर मंगळवारी धुतलेलं धोतर नेसून मी पायी गोरेगावला जातो. गावाचं म्हणणं, म्हाताऱ्यानं तिकडं बाई ठेवली. शकुंतलाबाई तर रस्त्यात अडवून विचारतात, "भाऊजी, कोन हाय हो ती?" मी नुसता हसतो. गावाची इतकी करमणूक आजवर माझ्या हातून झाली नव्हती.

तुम्हीही इथवर वाचत आलात आणि अमृतरावांची कळकळ खरी की पगाराची, याचा निकाल मनात लावलाच असेल. त्यांनी पहिल्या मंगळवारी पहिली गोष्ट विचारली ती माझ्या बायकोचं नाव. तुम्हाला मी जमनाबाईंचं सांगितलं, शकुंतलाबाईंचं सांगितलं, झोपलेल्या ग्यानबाचंसुद्धा सांगितलं. तिचं विचारावं असं तुमच्या मनात आलं नाही. तुम्हाला बोल लावत नाही. तुम्हाला कुठं पगार आहे?